पदवीच्या पलीकडे

ठाण्यात खाडीलगत कला-वाणिज्य, विज्ञान आणि विधी महाविद्यालये एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. कल्याणास बिर्ला, तर डोंबिवलीस पेंढरकर महाविद्यालय आहे. येथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या असंख्य पदवीधरांची पदवी नोकरीच्या अर्जास जोडली जाते आणि तेथेच विद्येची इतिश्री होते. पदवी हा आरंभ मानणाऱ्या संस्थेत ज्यांनी हयात वेचली, त्या इरावती कर्वे यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाईंना तेथील नदीचे नाव लाभले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचे अध्ययन केले व पुढे त्या बर्लिनला गेल्या. कवट्यांच्या मोजमापातून युरोपीयांचे श्रेष्ठत्व दिसावे, ही तेथील मार्गदर्शकाची धारणा होती. मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही आणि बाईंनी प्रबंधात तसे निर्भयपणे मांडले.

१८२१ च्या पाठशाळेतून वाढलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले होते. माजी विद्यार्थ्यांच्या चिकाटीमुळे ते १९३९ मध्ये पुन्हा उघडले, ते केवळ पदव्युत्तर अध्यापन व संशोधन यांसाठी. पदवीचे वर्ग चालविण्यास फर्ग्युसन, स. प. ही महाविद्यालये शहरात होतीच. इरावतीबाई त्याच वर्षी येथे रुजू झाल्या आणि १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिल्या.

अशी संस्था ग्रंथालयातच कोंडली जाण्याचे भय असते. बाईंनी ते खोटे ठरविले. त्या गावोगाव हिंडल्या, वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या. भारतीय आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला, तर ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. त्या विस्थापितांपैकी काही कुटुंबे ठाणे जिल्ह्यातही वसविली गेली, हे येथील अभ्यासकांनी विसरू नये.

उच्च संशोधनासाठी निराळी संस्था असणे इष्टच; परंतु इमारत व अनुदान एवढ्याने ती उभी राहत नाही. हाती आलेला निष्कर्ष गुरूला रुचणारा नसला तरी तो मांडण्याचे धैर्य आणि प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी उन्हातान्हात चालण्याची तयारी, हेच तिचे खरे भांडवल होय. नोकरी सांभाळून, लोकलच्या गर्दीतून पदव्युत्तर वर्गास जाणाऱ्या ठाणे-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांत कष्टांची वाण नाही. त्यांना प्रश्न विचारावयास शिकविणारे गुरुजन घराजवळ लाभावेत, एवढीच उणीव भरून निघावयास हवी.