सुगरणीचं घर बांधतो कोण?

मैत्रिणींनो, हाताला चव असलेल्या बाईला आपण सुगरण म्हणतो आणि खोपा विणणाऱ्या त्या इवल्या पाखरालाही. बहिणाबाईंमुळे तर हा खोपा घरोघरी पोचला. पण तो विणतो नर, हे किती जणींना ठाऊक असतं? मलाही ते कळलं डॉ. सालिम अली यांच्याविषयी वाचताना.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामा-मामींनी सांभाळलं. 1918 मध्ये तेहमिनाशी लग्न झालं. पुढे मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. पक्षीशास्त्र शिकायला ते जर्मनीला गेले आणि 1930 मध्ये परत येऊन बघतात तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! घरात हातावर हात ठेवून बसायची वेळ आली. नवराबायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर लपून बसून सालिम अलींनी या पाखरांचा संसार टिपून घेतला.

नर गवताच्या, भाताच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या काढून विणायला बसतो. घरटं अर्धं झालं की माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथेच मुक्काम ठोकते. नापसंत घरटं तसंच लोंबकळत राहतं. होकार मिळाल्यावरच नर खालची लांब नळी पूर्ण करतो. मादी अंडी घालून उबवायला बसली, की हे महाशय शेजारीच दुसरं घर बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! अंडी उबवायची, पिलं भरवायची, सगळं तिच्याच गळ्यात.

एकटीने लेकरं वाढवणाऱ्या बायकांमध्ये मी काम करते, त्यामुळे हे वाचून आधी रागच आला. पण पाखरांना माणसांचा न्याय लावून कसं चालेल? त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं, कुणाला नावं ठेवली नाहीत. 1931 मध्ये तो लेख छापून आला आणि बेकार माणसाचं नाव अभ्यासकांमध्ये झालं.

यात तेहमिनाचा वाटा मला फार मोठा वाटतो. पगार नाही, नवरा दिवसभर पाखरं बघत बसलेला. आपल्याकडे किती बोलणी बसली असती! तिने मात्र साथ दिली. पुढे रानोमाळच्या दौऱ्यांतही ती बरोबर असायची. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली आणि ते पार कोसळले. तरी काम सोडलं नाही. 1941 मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 1987 मध्ये ते गेले.

यंदा पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीखाली जरा थांबा. एखादं अर्धवट घरटं दिसलं, तर समजा, कुणीतरी त्याला नकार दिलाय. मुलांनाही दाखवा. त्याला ना पैसे लागतात, ना दुर्बीण.