गणिताचा मास्तर आणि आच्छादन

श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४-२००१) मूळचे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवत. शेतीची पदवी नव्हती, तरी त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना प्रयोगाची गोडी लावली. पानावर पडणाऱ्या उन्हाचा ते हिशेब मांडत. पालापाचोळा जाळू नये, जमिनीलाच परत द्यावा आणि दहा गुंठ्यांत कुटुंबाची गरज भागावी, हा त्यांचा ध्यास.

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात केळीची वाळलेली पाने बांधावर पेटवली जातात. तीच परसबागेत तीन-चार इंच अंथरा, खोडाजवळ मोकळे ठेवा. उजेड तुटला की बियांपासून येणारे तण फारसे उगवत नाही. लव्हाळा, हरळी मात्र थर फोडून वर येतात. त्यांच्या गाठी व काश्या आधी खणून काढा.