काम काय करता, हे विचारणारा डॉक्टर

रुग्णाला काय होतंय, कधीपासून होतंय, हे विचारण्याची शिकवण हिपोक्रेटिसपासून चालत आली. तो काम काय करतो, हेही विचारलंच पाहिजे, असं डॉक्टरांना बजावलं ते बर्नार्डिनो रामाझिनी यांनी.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये इटलीतील कार्पी इथला. १६५९ मध्ये पार्मा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि पुढे मोडेना शहरात प्राध्यापक. तिथे त्यांच्या घरचं मैल्याचं टाकं उपसणारा कामगार जिवाच्या आकांताने घाई करत होता. चौकशी केल्यावर कारण कळलं: आत जास्त वेळ राहिलं की डोळ्यांची आग होते आणि वर्षानुवर्षं हेच केलं तर दृष्टी जाते. शहरात भीक मागणाऱ्या अंधांमध्ये असे कामगार त्यांनी स्वतः पाहिले.

मग ते कामाच्या जागी जाऊ लागले. शिशाची झिलई देणारे कुंभार, पारा हाताळणारे आरसे बनवणारे, पाथरवट, दिवसभर बसून लिहिणारे कारकून, अशा प्रत्येकाचं दुखणं त्यांनी कामाशी ताडून पाहिलं. १७०० मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. १७१३ च्या आवृत्तीत पन्नासहून अधिक व्यवसाय होते. नजर अधू झाली तरी पादुआ विद्यापीठात ते शिकवत राहिले. १७१४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज एमबीबीएस डॉक्टरांसाठी या विषयाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याचा भर कारखान्यांवर आहे. आपल्या हिंगोलीतला कामकरी मात्र बहुतेक कारखान्याच्या फाटकाबाहेरच असतो. हळद पॉलिश करताना उडणारी धूळ, पिकांवरची फवारणी, ऊसतोड, खडी क्रशर हे त्याचं काम, आणि तो येतो सरकारी दवाखान्यात. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस खोकला आणि धाप यांमुळे क्षयासारखाच भासतो, शिवाय क्षयाचा धोकाही वाढवतो. काम विचारलं नाही, तर रुग्ण गोळ्या घेऊन पुन्हा त्याच धुळीत परततो.

म्हणून निवासी डॉक्टरांना वॉर्डात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून शिकवायला हवा. आणि वाचकहो, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपलं काम काय, किती वर्षांचं आणि सुट्टीत त्रास कमी होतो का, हे आपणहून सांगा.