रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची : मालवणच्या शास्त्रज्ञाची गोष्ट

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर एक संशोधन संस्था आहे. नाव आघारकर संशोधन संस्था. रस्ता आगरकरांचा आणि संस्था आघारकरांची म्हटल्यावर गोंधळ होणारच. समाजसुधारक आगरकरांच्याच नावाने ही संस्था असेल, असा समज सहज होतो. पण हे आघारकर वेगळे. हे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ चा, मालवणचा. आज मालवण सिंधुदुर्गात आहे, पण तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये.

आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. पण त्यांचं मन वर्गापेक्षा सह्याद्रीत जास्त रमायचं. तिथल्या नद्या, ओढे, झाडं, प्राणी यांच्या नोंदी करत ते फिरायचे. १९११ च्या सुमारास सातारा भागातल्या नदीत त्यांना एक अजब प्राणी सापडला. गोड्या पाण्यातला चिमुकला जेलीफिश!

यात विशेष काय? तर जेलीफिश म्हटलं की समुद्र आठवतो. आणि या जेलीफिशचे जवळचे नातेवाईक माहीत होते ते थेट आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या तलावांतले. मग मधला समुद्र ओलांडून हा प्राणी सह्याद्रीत आला कसा? कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅननडेल यांनी या प्रजातीच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' जोडलं आणि बातमी जगभर गेली.

कोणता जीव कुठे राहतो आणि तो तिथे आला कुठून, हाच प्रश्न आघारकरांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला.

त्या काळात कोलकाता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून काही प्राध्यापकपदं निर्माण झाली होती. अट एकच, नेमणूक भारतीय माणसाचीच व्हायला हवी. वनस्पतिशास्त्राचं पद आघारकरांना मिळालं. पुढच्या अभ्यासासाठी ते १९१४ मध्ये जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश साम्राज्याचे नागरिक म्हणून ते जर्मनीत शत्रुपक्षाचे ठरले आणि स्थानबद्ध झाले. याच विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस हेही तेव्हा जर्मनीतच अडकले होते.

सुटका झाल्यावर आघारकरांनी बर्लिनमध्ये अ‍ॅडॉल्फ एंग्लर या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे डॉक्टरेट पूर्ण केली. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती. त्यांचा प्रसार कसा होतो आणि त्या मूळच्या कुठल्या? म्हणजे जेलीफिशचाच प्रश्न, आता झाडांच्या बाबतीत.

योगायोग बघा. आघारकर युरोपात होते तेव्हाच, १९१६ मध्ये, लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञाने या प्रश्नाचं उत्तर शोधायची एक नवी वाट दाखवली. ती वाट होती परागकणांची.

परागकण म्हणजे फुलातली ती बारीक पिवळी धूळ. एक कण साधारण केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून लहान. पण त्याचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की चिखलात गाडलं गेलं तरी लाखो वर्षं टिकतं. प्रयोगशाळेत गाळावर तीव्र आम्लांचा मारा केला की माती विरघळते आणि परागकण उरतात. वनस्पतीच्या गटागटाप्रमाणे त्यांचा आकार आणि नक्षी वेगळी असते. म्हणून गाळाच्या थरांतले कण मोजले की कोणत्या काळात आसपास कोणती झाडं होती, ते कळतं. मधमाश्या कोणत्या फुलांवर गेल्या हे मधातल्या परागकणांवरून समजतं. अ‍ॅलर्जीचं कारण आणि तेलाचे साठे शोधतानाही हेच कण कामाला येतात.

आघारकर स्वतः परागकणांचे अभ्यासक नव्हते. पण १९४६ मध्ये, कोलकात्यातून निवृत्त झाल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी आराम करायचं सोडून नवा उद्योग अंगावर घेतला. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी राहिली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत त्यांनी ती सांभाळली. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

पुढे याच संस्थेत कोकणातल्या जुन्या गाळातले परागकण तपासले गेले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली काही ठिकाणी चिकणमाती आणि लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा, लागतो. त्यात ताडकुळातल्या झाडांचे आणि खारफुटीचे परागकण मिळाले आहेत. खारफुटीचे कण भरपूर सापडले, तर तिथे कधीकाळी खाडीचं पाणी असावं, असा अंदाज बांधता येतो.

परागकणांचा दुसरा उपयोग शेतातला. एका वाणाचे पराग दुसऱ्या वाणाच्या फुलावर टाकून नवा वाण तयार करता येतो. संस्थेचं 'एआरआय ५१६' हे रसाचं द्राक्ष असंच दोन वाणांच्या संकरातून आलं. गव्हाच्या 'एमएसीएस ४०२८' या वाणाच्या नावात तर विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंच आहेत.

झाडं आली कुठून, हा आघारकरांचा प्रश्न. त्यांच्याच जुन्या जिल्ह्याच्या मातीत त्याचं उत्तर शोधलं गेलं, तेही त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेत. तेव्हा पुढच्या वेळी त्या रस्त्याने गेलात आणि पाटीवरचं नाव दिसलं, तर शुद्धलेखनाची चूक समजू नका. 'घ' बरोबर आहे.