टाचेचा पास आणि एक न पुसलेली रात्र

मेस्सी भारी की रोनाल्डो, यावरून तुमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये रात्री दोन वाजेपर्यंत वाद झालेच असतील. आता एक नाव सांगते, जे त्या वादात कधीच येत नाही. एदुआर्द स्ट्रेल्त्सोव्ह. त्याला रशियाचा पेले म्हणतात. तिथे टाचेने मागे दिलेल्या पासला आजही त्याच्या नावाने ओळखतात. फुटबॉल आवडत असेल तर तो माहीत असायलाच हवा. आणि आवडत नसेल तरी त्याची गोष्ट वाचा, कारण ती फक्त फुटबॉलची नाही.

कारखान्यातला पोरगा

जन्म १९३७ चा, मॉस्कोजवळच्या पेरोव्होचा. दुसरं महायुद्ध संपलं, पण वडील घरी परतले नाहीत. त्यांनी दुसरीकडे संसार थाटला. आईने एकटीने त्याला वाढवलं. शाळकरी वयातच तो फ्रेझर नावाच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथल्याच टीमकडून खेळायला लागला. तिथे त्याला टॉर्पेडो मॉस्कोने हेरलं. टॉर्पेडो म्हणजे मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचा क्लब. डायनॅमोच्या मागे पोलीस आणि गुप्तचर खातं होतं, सीएसकेएच्या मागे लष्कर. त्यांच्यासमोर टॉर्पेडो म्हणजे कामगारांची साधी टीम.

१९५५ मध्ये, अठराव्या वर्षी, तो सोव्हिएत लीगचा टॉप स्कोअरर झाला. १५ गोल! त्याच वर्षी देशाकडून पहिल्याच मॅचमध्ये स्टॉकहोमला जाऊन स्वीडनविरुद्ध हॅटट्रिक. आपलाही त्याच्याशी संबंध आला बरं का. त्याच वर्षी भारतीय संघ मॉस्कोत खेळला आणि ११-१ असा हरला. त्या अकरांत स्ट्रेल्त्सोव्हचेही गोल होते.

गळ्यात न पडलेलं मेडल

१९५६ चं मेलबर्न ऑलिंपिक. याच स्पर्धेत आपल्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि भारत चौथा आला. तिकडे सेमीफायनलमध्ये सोव्हिएत संघासमोर बल्गेरिया. त्या काळी सब्स्टिट्यूट नसायचे. एका डिफेंडरचं कॉलरबोन मोडलं, इव्हानोव्हचा गुडघा गेला, तरी दोघंही मैदानातच. एक्स्ट्रा टाइममध्ये बल्गेरियाने गोल केला. मग स्ट्रेल्त्सोव्हने बरोबरी साधली, तातुशिनने दुसरा गोल केला आणि मॅच २-१ ने खिशात.

फायनलला मात्र तो बाहेर! फॉरवर्डची जोडी एकाच क्लबची हवी, असं कोचचं गणित होतं. टॉर्पेडोचा त्याचा जोडीदार इव्हानोव्ह जखमी, म्हणून हाही बसला. तेव्हा गोल्ड मेडल फक्त फायनल खेळणाऱ्या अकरांना मिळायचं. त्याच्या जागी खेळलेला निकिता सिमोनियान आपलं मेडल त्याला द्यायला निघाला. स्ट्रेल्त्सोव्हने घेतलं नाही. वय होतं १९.

पुढच्या वर्षी वर्ल्ड कपच्या पात्रतेसाठी पोलंडशी प्लेऑफ होती, जर्मनीतल्या लाइपझिगला. हा आणि इव्हानोव्ह दोघांचीही ट्रेन चुकली! गाडीने पाठलाग करून त्यांनी ट्रेन गाठली. मॅचमध्ये पाय दुखावला, तरी त्याने गोल केला आणि टीम वर्ल्ड कपला पोचली. १९५७ च्या बॅलन डी'ओरमध्ये तो सातवा आला. केसांचा तुरा, पार्ट्या, दारू, सगळं जोरात होतं. वर्तमानपत्रं झोडपत होती, पब्लिक डोक्यावर घेत होतं.

२५ मे १९५८

वर्ल्ड कप दोन आठवड्यांवर आला होता. कॅम्पमधून एका दिवसाची सुट्टी मिळाली. मॉस्कोबाहेरच्या एका बंगल्यावर पार्टी झाली. दुसऱ्या दिवशी वीस वर्षांच्या एका मुलीने बलात्काराची तक्रार दिली. स्ट्रेल्त्सोव्ह आणि टीममधले आणखी दोघे अटकेत गेले. त्या दोघांना सोडलं, पण त्यांच्यावर खेळायची बंदी आली. स्ट्रेल्त्सोव्हला १२ वर्षांची शिक्षा झाली.

स्वीडनमधल्या त्या वर्ल्ड कपमध्ये सतरा वर्षांचा पेले पहिली मॅच खेळला, तीही सोव्हिएत संघाविरुद्धच. स्ट्रेल्त्सोव्ह तेव्हा कोठडीत होता. पुढे त्याची रवानगी व्याटलागच्या श्रमछावणीत झाली.

१९६३ मध्ये तो सुटला, पाच वर्षांनी. मोठ्या फुटबॉलची दारं बंद होती, म्हणून पुन्हा कारखान्यात काम आणि कारखान्याच्या टीमकडून खेळणं. १९६५ मध्ये बंदी उठली आणि त्याच सीझनला टॉर्पेडो चॅम्पियन झाली! आता पूर्वीचा वेग नव्हता. पण मॅच वाचायची नजर होती आणि तो टाचेचा पास होता. १९६६ च्या वर्ल्ड कपला त्याला नेलं नाही. तरी १९६७ आणि १९६८, सलग दोन वर्षं तो देशाचा सर्वोत्तम फुटबॉलर ठरला. १९७० मध्ये निवृत्ती. देशाकडून ३८ मॅच, २५ गोल. नंतर टॉर्पेडोच्या पोरांना शिकवत राहिला. जुलै १९९० मध्ये कॅन्सरने गेला.

मग आपण त्याला कसं आठवायचं?

चाहत्यांची गोष्ट ठरलेली आहे. त्याने डायनॅमो आणि सीएसकेएला नकार दिला, सत्तेतल्या बड्या लोकांना दुखावलं, म्हणून त्याला अडकवलं. वर्ल्ड कपला पाठवू असं आमिष दाखवून कबुली घेतली, असंही ते सांगतात. सोव्हिएत न्यायव्यवस्था काय होती हे बघता हे अशक्य वाटत नाही. बुद्धिबळाचा माजी जगज्जेता अनातोली कार्पोव्ह त्याचं नाव निर्दोष ठरवण्यासाठीच्या समितीत होता. पण सगळेच अभ्यासक त्याला निर्दोष मानत नाहीत, आणि निकाल कायम राहिला.

यात एक गोष्ट खटकते. टॉर्पेडोच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे, त्याचे पुतळे आहेत, २०२० मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. देशाचं किती नुकसान झालं, किती गोल बुडाले, याचा हिशोब सगळे मांडतात. आणि ती वीस वर्षांची मुलगी? चाहत्यांच्या गोष्टीत ती एक तर कटातलं प्यादं असते, नाहीतर नसतेच. बंद दाराआडच्या खटल्याने अन्याय केला असेल, तर तो दोघांवरही. नीट तपास झाला असता तर हा निर्दोष ठरला असता, किंवा तिचं म्हणणं कायमचं खरं ठरलं असतं. दोघांनाही ते मिळालं नाही.

आपल्याकडेही हे चालतंच की. आवडत्या स्टारवर आरोप झाला की आपण आधी त्याचा स्कोअर, त्याचे सिनेमे, त्याचे फॉलोअर्स मोजतो. कमेंट टाकून मोकळे होतो. आरोप झाला म्हणजे दोषी, असं नाही. पण गोल भारी मारतो म्हणून निर्दोष, असंही नाही ना!

स्ट्रेल्त्सोव्हच्या जुन्या क्लिप्स मिळतात, जरूर बघा. तो टाचेचा पास बघून तोंडातून वा निघेलच, निघू दे. फक्त नंतर कुणी त्याची गोष्ट सांगायला लागलं, तर त्यात ती मुलगी आहे का, तेवढं विचारा.