दंतवैद्य होरेस वेल्स

अमेरिकेतील हार्टफर्ड शहरी होरेस वेल्स नावाचा एक दंतवैद्य होता. त्या काळी दात उपटणे हे रोग्याला प्राणसंकटच वाटे. खुर्चीत बसण्यापूर्वीच त्याला कापरे भरे. ते पाहून वेल्सचे मन कळवळे.

१० डिसेंबर १८४४ रोजी तो हास्यवायूचे प्रयोग पाहावयास गेला. वायू हुंगून धावपळ करणाऱ्या एका माणसाच्या पायास इजा झाली. पण त्याला वेदनेची जाणीवच नव्हती! लोकांना गंमत वाटली, वेल्स मात्र विचारात पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः तो वायू हुंगून आपली दाढ रिग्ज या मित्राकडून उपटवून घेतली. पहिला प्रयोग त्याने परक्यावर केला नाही, हे विशेष होय. त्याला कळ लागली नाही.

पुढे १८४५ साली बोस्टन येथे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे प्रयोग करताना वायूची पिशवी वेळेआधीच दूर झाली. रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. तो खचला. १८४६ साली त्याचा जुना सहकारी मॉर्टन याने त्याच शहरात ईथर वापरून यश मिळविले. १८४८ साली, अवघ्या ३३ व्या वर्षी, वेल्स वारला. १८६४ साली अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघाने या शोधाचे श्रेय त्याला दिले.

दाताच्या दवाखान्यात भेदरलेल्या मुलांना आजही तोच वायू प्राणवायूत मिसळून नाकावाटे देतात.