पालक गांधीजी

महात्मा गांधींचे नाव घेताच दांडीयात्रा, चरखा आणि स्वातंत्र्यलढा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हा सर्वसामान्य आईवडिलांना पडणारा प्रश्न त्यांच्याही संसारात उभा राहिला होता.

जानेवारी १८९७ मध्ये बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेतील डरबन शहरात सहकुटुंब उतरले. सोबत पत्नी कस्तुरबा, मुलगे हरिलाल व मणिलाल आणि भाचा गोकुळदास होते. तेथे गोऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांत हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. गांधीजींची प्रतिष्ठा पाहता त्यांच्या मुलांपुरता अपवाद होऊ शकला असता. पण जे इतर हिंदी मुलांना मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी घेणे त्यांना रुचले नाही. मिशनऱ्यांच्या शाळा हिंदी मुलांना खुल्या होत्या. मात्र तेथील शिक्षण आणि इंग्रजी माध्यम त्यांना पसंत नव्हते. अखेर मुलांना घरीच शिकवण्याचे त्यांनी ठरवले.

त्यासाठी दरमहा ७ पौंड वेतनावर एक इंग्रज शिक्षिका नेमण्यात आली. मुलांना मातृभाषा यावी म्हणून गांधीजी त्यांच्याशी आवर्जून गुजरातीतच बोलत. पुढे जोहान्सबर्ग येथे कार्यालयात पायी जाताना ते मुलांना बरोबर घेत आणि वाटेत बोलता बोलता शिकवत. परंतु वकिली आणि सार्वजनिक कार्य यांतून पुस्तकी शिक्षणासाठी नियमित वेळ काढणे त्यांना कधीच जमले नाही.

१९१० मध्ये सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मची स्थापना झाली. ही सुमारे ११०० एकर जमीन हर्मन कॅलनबाख या मित्राने उपलब्ध करून दिली होती. येथे गांधीजी केवळ आपल्या मुलांचे नव्हे, तर हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती अशा सर्वांच्या मुलांचे शिक्षक झाले. मुले शेतात राबत, चपला शिवण्याचे काम शिकत आणि दुपारनंतर वर्गात बसत. शिक्षण शक्य तितके मातृभाषेतून दिले जाई. श्रम आणि विद्या यांची सांगड घालण्याचा हा प्रयोग होता.

मात्र या निवडीची किंमत मुलांनाही मोजावी लागली. थोरले पुत्र हरिलाल यांना रीतसर शिक्षणाची तीव्र ओढ होती. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला हा तरुण १९११ मध्ये वडिलांपासून दूर होऊन भारतात परतला व अहमदाबादला शाळेत दाखल झाला. तोवर बरीच वर्षे निघून गेली होती. मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही आणि पितापुत्रांतील दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. दुसरीकडे मणिलाल यांनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ हे वृत्तपत्र अनेक वर्षे चालवले, तर धाकटे देवदास नामवंत संपादक झाले.

मुलांना पुरेसे पुस्तकी शिक्षण देता आले नाही, याची खंत गांधीजींनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदवली आहे. मुलांची तक्रार त्यांनी लपवली नाही. तरीही मुले स्वातंत्र्य आणि सेवेचा जो पाठ शिकली, तो त्यांना अधिक मोलाचा वाटत राहिला.

या अनुभवाचा धागा पुढे वर्ध्यापर्यंत पोहोचला. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या विचारांवर चर्चा झाली. सर्व मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून असावे आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, असे ठराव झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. हीच योजना ‘नई तालीम’ म्हणून ओळखली जाते.

आपल्या मुलांसाठी वेगळी सवलत नाकारणारा पिता चाळीस वर्षांनी देशातील प्रत्येक मुलासाठी शाळा मागत होता. त्यांच्या तत्त्वनिष्ठेविषयी आदर वाटतो, तसेच हरिलालांचे दुःखही विसरता येत नाही. शाळा सरकारी असो, खासगी असो वा शिक्षण घरी होवो. निवड पालक करतात, पण तिचे परिणाम मुलाला आयुष्यभर सोबत करतात. म्हणून ती करताना आपल्या तत्त्वांइतकेच मुलाचे मन आणि आपल्यापाशी असलेला वेळ यांचाही विचार व्हायला हवा.